मिलचा चुंबक आणि भागरथाचा डबा

हसायचं नाही हे आधी कबूल करा, मगच सांगते. नाही, मनातल्या मनात नको, तोंडाने कबूल करा! कारण गावात सगळे हसून झाले आहेत. आमचे हे तर अजून जेवता जेवता मध्येच हसतात आणि ठसका लागला की पाणी मलाच मागतात.

मला मात्र राग येतो. कुणाकुणाचा म्हणून सांगू? खोटे शिक्के, म्हणजे नाणी हो, पाडणाऱ्याचा येतो, अर्धवट बोलणाऱ्यांचा येतो, पण सगळ्यात पहिला येतो तो त्या मालगाडीचा.

हो, मालगाडीचा!

आमचं घर सौंदडला, रुळांपासून इतकं जवळ की गाडी गेली की मांडणीवरची ताटं एकमेकांशी बोलायला लागतात. शेजारी सुनीता राहते. मधे भिंत आहे, पण कमरेएवढीच. आता भिंतच कमरेएवढी असली तर पलीकडचं ऐकू येणार, त्याला मी काय करू? लोक म्हणतात, निर्मलाबाईला नसत्या चौकशा फार. अहो, मी कसली चौकशी करते? मी तुळशीला पाणी घालते. दिवसातून चारदा घालते, एवढंच.

त्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा पाणी घालायला गेले तर सुनीता ओट्यावर बसून फोनवर बोलून राहिली होती. तिचा भाऊ गोंदियाला एका बँकेत आहे. फोन स्पीकरवर ठेवलेला. म्हणजे स्वतःच स्पीकरवर बोलायचं आणि शेजारणीने ऐकलं की तोंड वाकडं करायचं!

भाऊ सांगत होता, "ताई, बाजारात खोटे शिक्के येऊन राहिले, ध्यान ठेव. ओळखाचं सोपं हाय…"

आणि इथे गाडीचा भोंगा वाजला. भोंऽऽऽ! भोंगा थांबला तेव्हा भाऊ म्हणत होता, "…चुंबकाले चिकटला का समज खोटा. आपल्या सौंदडातूनबी परवा पोतंभर…"

आणि आली मालगाडी.

किती डबे होते ते मी मोजले नाहीत. पण माझा तांब्या रिकामा झाला, परत भरून आणला, तोही रिकामा झाला, तुळशीची मुळं उघडी पडली, तरी गाडी संपेना. संपली तेव्हा सुनीता आत गेली होती आणि दार लावलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग सरळ जाऊन विचारायचं ना! कसं विचारू? आठ दिवसांपासून आमचं बोलणं बंद होतं. तिच्या कोंबडीने माझा कोवळा सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर हो, मुळासकट उकरून टाकला होता. मी बोलायला गेले तर म्हणते कशी, "कोंबडीले वाचता येते का काकू, कोनाची वाडी हाय थे?" अशा बाईच्या दारात मी आपणहून जाऊ? माझ्या पायांना तरी काही मान आहे की नाही?

तेव्हा जेवढं ऐकलं तेवढ्यावरच मी विचार केला. सातवी पास आहे मी, अगदीच काही अडाणी नाही. बाजारात खोटे शिक्के आले. ते चुंबकाला चिकटतात. आणि सौंदडातून पोतंभर निघाले. पोतंभर! म्हणजे आमच्याच गावात कुठेतरी भट्टी पेटली आहे आणि मला पत्ता नाही? मला?

माझं डोकंच फिरलं. पाचशेची खोटी नोट छापणारा मला समजतो. चोर तो चोर, पण निदान मोठ्या माणसाला तरी फसवतो. पण शिक्का? चिल्लर कुणाजवळ असते सांगा बरं. बंगलेवाल्याजवळ असते? चिल्लर असते भाजीवालीच्या पदराच्या गाठीत, मजुराच्या खिशात, देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हातारीच्या वाटीत. त्यांच्या हातात खोटं नाणं ठेवणाऱ्याला रात्री झोप कशी येते?

आता चुंबक कुठून आणायचा? तर तो आमच्या पलंगाखालीच होता.

त्याचं असं आहे, आमचे हे राईस मिलमध्ये मिस्तरी आहेत. मिलमध्ये धान मशीनमध्ये पडायच्या आधी वाटेत एक मोठा चुंबक बसवलेला असतो. पोत्यांतून खिळा येतो, तार येते, एकदा तर विळ्याचं अख्खं पातं आलं होतं. ते सगळं तो पकडून ठेवतो, म्हणजे मशीन फुटत नाही. मालकाने नवीन चुंबक बसवला तेव्हा यांनी जुना घरी आणला. कशाला आणला ते विचारू नका. मी विचारलं तर म्हणाले, "राहू दे वो, कामी येते." आला ना कामी! असा आला की विचारू नका.

विटेएवढा जाड, दोन हातांनी उचलावा असा. पलंगाखालून ओढला तर तो पलंगाच्या लोखंडी पायाला चिकटला. मी भिंतीला पाय लावून ओढला तेव्हा सुटला आणि मी पाठीवर. उठले, चिल्लरचा पत्र्याचा डबा घेतला. चुंबक डब्यालाच चिकटला! तेव्हा अक्कल आली आणि शिक्के सुपात ओतले.

काय सांगू बाई! चुंबक वीतभर वर धरला असेल नसेल, शिक्के आपणहून उड्या मारून वर आले. टप, टप, टपाटप! एक रुपयाचे आले, दोन रुपयांचे आले. सुपात मागे राहिले फक्त दहाचा एक आणि पाचाचे दोन.

मी सुपाकडे बघतच बसले. आणि मग सगळं लख्ख समजलं. मोठे शिक्के खरे आणि लहान खोटे! बरोबरच आहे की! दहाचा शिक्का माणूस उलटापालटा करून बघतो. रुपयाकडे कोण बघतो? केवढा पोहोचलेला चोर! पण म्हटलं, बाबा, तू पोहोचलेला असशील, तुझी गाठ निर्मलाशी आहे.

खोटं कशाला सांगू, राग होता तेवढाच थोडा आनंदही झाला.

चुंबक कापडी पिशवीत घातला आणि निघाले खुशालच्या किराणा दुकानाकडे. माझ्या घरची सगळी चिल्लर त्याच्याकडूनच येते. वाटेत विजेच्या लोखंडी खांबाजवळून गेले, जरा जास्तच जवळून, आणि पिशवी फट्‌कन खांबाला चिकटली. दोन माणसांनी ओढून काढली. तेही सोबत निघाले. तमाशा असेल तिथे जायला माणसाला बोलावणं लागत नाही.

"खुशाल, गल्ला काढ."

"काऊन काकू, दरोडा घालाले आली का?"

"थट्टा नको. शिक्के ओत इथे."

त्याने हसत हसत ओतले. मी चुंबक धरला. टपाटप! खुशालचं हसणं गेलं आणि तोंड सुकलं.

"हे काय होय वो काकू?"

"खोटे आहेत. हे सगळे."

"सगळे?"

"बँकेतून बातमी आहे," मी म्हणाले.

आता हे काही खोटं नव्हतं. बँकेतल्याच माणसाने सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं होतं, इतकंच.

दुकानासमोर ही गर्दी! जो तो खिशातले, कनवटीचे शिक्के काढून पुढे करायला लागला. "माये पाहून द्या काकू." "पहिले माये!" रांग लागली हो माझ्यापुढे. ज्याचा रुपया चिकटला तो "बाप्पा रे!" म्हणून मागे सरायचा. चहावाल्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं की एक-दोनचा शिक्का बंद. पानठेलेवाला त्याचं ऐकून ओरडला, "आपल्याकडेबी बंद!" अर्ध्या घंट्यात सौंदडात रुपया चालेनासा झाला. सरकारला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं.

तेवढ्यात आमचे हे सायकलवरून आले. कुणीतरी मिलमध्ये निरोप दिला असणार.

"काय वो, थो चुंबक मिलचा होय. गावाच्या भानगडीसाठी नाई आनला म्या."

"तुम्ही जरा बघा, गावात काय चाललंय ते!"

"रुपया त चिकटतेच वो. लोखंडच राहते त्यात."

"तुम्ही धानाचं बघा," मी म्हणाले. चारचौघांत म्हणाले. नवरा बरोबर बोलत असेल असं तेव्हा मनाला शिवलंसुद्धा नाही. एवढ्या वर्षांत सवयच नाही ना.

मी खुशालला विचारलं, "तुझ्याकडे एवढी चिल्लर येते कुठून?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "म्या त भागरथाजवळून घेतो. थे सांजच्याले चिल्लर देते, म्या नोटा देतो."

आणि सगळी गर्दी स्टेशनच्या वाटेकडे बघायला लागली.

भागरथा म्हणजे आमच्या गावची ढिवरीण, तुमच्याकडची कोळीण हो. एकटी बाई. तलावातले शिंगाडे आणते, घरी उकडते आणि पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनच्या वाटेवर, झाडाखाली गिलासाच्या मापाने विकायला बसते. काळ्या सालीचे गरम शिंगाडे, वर ओलं पोतं. डोळ्याला कमी दिसतं, गुडघे तर पार गेलेले. पाटी डोक्यावरून उतरवायची तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारावी लागते. म्हणून दोन वर्षांपासून तिचं चाललं होतं की जुना का होईना एक हातठेला घ्यायचा. अर्धे पैसे तिने आधीच देऊन ठेवले होते. उरलेल्यांसाठी रोजच्या चिल्लरमधली थोडी तेलाच्या प्लास्टिकच्या डब्यात जमा करत होती.

आता इथे मी थांबायला पाहिजे होतं की नाही? पण रागाला पाय फुटले की तो माणसाला पुढे चालायला लावतो. मागे चाळीस माणसं उभी असली तर मग विचारूच नका. मी म्हणाले, "चला!"

झाडाखाली गेलो तर भागरथासमोर हातठेला उभा. निळा रंग दिलेला, चार चाकं, वर पत्र्याचं छप्पर. जवळच्या गोरेगावचा मुरली तो विकायला घेऊन आला होता आणि आपल्या मांडीजवळ डबा ओढून घेत होता. म्हणजे नेमका तोच दिवस! तीच वेळ! आणि मी चुंबक घेऊन हजर.

"भागरथा, डबा दाखव."

"पाह्य न. उघडाच हाय. काऊन, तुले सुट्टे पायजेत का?"

मी पिशवीतून चुंबक काढला आणि डब्याच्या तोंडावर धरला.

तुम्ही आग्या मोहोळ लटकलेलं पाहिलंय? तसं! शिक्क्याला शिक्का, त्याला शिक्का, असा भला मोठा घोस लटकून वर आला. बायका तर मागे सरकल्या, जणू आता उडून चावणारच आहेत.

मुरलीने डब्यावरचा हात असा काढला, जसा विंचवावर पडला होता. "खोटे होय का वो हे?"

"सगळे," मी म्हणाले.

"मंग मले नाई पायजे तुया डबा, माय. तुये देलेले पैसे तुले वापस देतो, पन हे नाई घेत. लेकराबाळाचा मानूस हाओ म्या, पोलिसाचं लफडं कोन करे? गोरेगावात चायनीजवाला नोटा घेऊन बसला हाय याच ठेल्यासाठी."

त्याने ठेल्याच्या चाकाखालचा दगड पायाने सारला. भागरथाने दांडी धरली.

"म्या का घरी भट्टी लावली का रे? म्या शिंगाडे उकडतो बाप्पा, शिक्के नाई उकडत!"

"सोड न माय."

"नाई सोडत. दोन सालापासून वाट पाहून राहिलो. हा ठेला गेला त पुढचा मोसम माया डोक्यावर पाटी चढत नाई. मंग म्या खाऊ काय?"

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिने पाहिलं ते असं की ही आपली निर्मला आहे, शिकलेली आहे, हीच आता यांना समजावून सांगेल.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "भागरथा, कायदा तो कायदा."

आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. कुठला कायदा? कोणत्या पुस्तकातला? माझ्या तोंडात तो शब्द कुठून आला देव जाणे.

मुरलीने तिची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली आणि ठेला ढकलत निघून गेला. भागरथा तिथेच खाली बसली. रडली नाही. ओलं पोतं शिंगाड्यांवर नीट पसरत राहिली, पसरलेलंच परत पसरत राहिली.

तेवढ्यात गर्दीतून सुनीता पुढे आली. आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली, आणि काय बोलली!

"काकू, तुमी कानं लावून बसता त पुरं त ऐकत जा!"

असं म्हणून तिने सगळ्यांसमोर भावाला फोन लावला. स्पीकरवरच.

"का रे, सकाळी सांगतलं होतंस न शिक्क्यांचं, थे पुन्हा सांग. इथं एका काकूनं सारं गाव बंद पाडलं."

"कोनत्या काकूनं?"

"भिंतीवरच्या."

म्हणजे माझं नाव त्यांच्या घरी हे आहे! ते ऐकून घ्यावं लागलं मला, भर रस्त्यात.

भाऊ म्हणाला, "अवो ताई, म्या पिवळ्या पाचाचं सांगतलं! फक्त पिवळा पाचाचा. त्यात लोखंड नाई राहत, म्हनून खरा चिकटत नाई, खोटा चिकटते. एक-दोनचे त पोलादाचेच राहतेत, थे त चिकटतीलच न! त्याले का खोटं म्हनाचं?"

"आन सौंदडातलं पोतं?"

"थे देवळाच्या दानपेटीचं होतं. भराले आनलं होतं. आमी एकूनएक पाहिला. सारे खरे निघाले."

फोन बंद झाला. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. आमचे हे आभाळाकडे बघत होते. त्या वेळी मालगाडी यायला पाहिजे होती की नाही, सांगा! तेव्हा नाही आली.

पण आधी ठेला! मुरली रेल्वे फाटकाकडे गेला होता. मी चुंबक तिथेच टाकला, पदर खोचला आणि धावले. अहो, पन्नाशी उलटलेली बाई भर रस्त्यात धावते आहे, मागे सुनीता धावते आहे, तिच्यामागे अर्धं गाव! फाटक बंद होतं म्हणून मुरली सापडला.

"मुरली, थांब रे बाबा! खरे आहेत. सगळे खरे आहेत."

"आत्ताच त खोटे होते!"

"ते मी म्हणाले होते."

"आन आता कोन म्हनून राहिलं?"

"आतापण मीच."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं चोराला पण कुणी पाहू नये. म्हणाला, "काकू, मले शिक्क्याचं नावच नोको. नोटा असतील त ठेला वापस फिरवतो. फाटक उघडेपर्यंत थांबतो, मंग चाललो म्या."

मग काय करता? पळत घरी. तांदळाच्या कोठीत, तळाशी, मी मिक्सरसाठी नोटा दडवून ठेवल्या होत्या. यांना माहीत नव्हत्या. आता सगळ्या सौंदडाला माहीत आहेत, कारण फाटकावर मी त्या मुरलीच्या हातात ठेवल्या तेव्हा त्यांतून तांदूळ गळत होते. आमचे हे फक्त एवढंच म्हणाले, "पाहा बाप्पा, आमच्या घरी नोटाबी पिकतेत."

ठेला परत आला. भागरथाने त्याच्या दांडीवरून एकदा हात फिरवला, छपराला टिचकी मारून पाहिली आणि शिंगाड्याची पाटी वर ठेवली. स्वतःच ठेवली, कुणाला हाक न मारता. डबा आता माझा झाला.

इथे संपलं असतं तर मीसुद्धा तुमच्यासोबत हसले असते.

पण तो खुशाल! काड्या करायची सवय काही जात नाही त्याची. म्हणाला, "काकू, एवढं झालंच हाय त पाचाचेबी लावून पाहा न. बँकेवाला म्हनलाच होता."

सगळे म्हणाले, हाव हाव, पाहा. मग तिथेच, ठेल्याच्या पत्र्यावर, डब्यातले पिवळे पाचाचे वेगळे काढले. फारसे नव्हतेच. एक धरला, नाही चिकटला. दुसरा नाही. तिसरा… टप!

"अरे!" सगळे पुढे सरकले.

आणखी एक चिकटला. आणि शेवटी आणखी एक. तीन! खरे खोटे, म्हणजे अगदी बँकेच्या हिशेबाने खोटे. हातात घेऊन पाहिले तर कडेला रंग उडालेला, खालून पांढरं लोखंड दिसून राहिलं होतं.

तुम्हाला सांगते, माझी मान एकदम ताठ झाली! "पाहा! होते की नाही? मी म्हणत होते की नाही?" परत राग चढला, पहिल्यापेक्षा जास्त चढला. "कोण आहे तो मेला, जो या म्हातारीच्या कमी दिसण्याचा फायदा घेतो? भागरथा, आठव! कुणी दिले हे तुला? नाव सांग, आज त्याला या रस्त्यावर उभा करते!"

भागरथा विचार करायला लागली. सावकाश बोलणारी बाई.

"पाचाचे… माया गिलास त दहाचा हाय. लोकं दहाची नोट देतेत. नाईत एक-दोनचे मोजून देतेत. पाचाचा कोन देईल?"

"आठव, आठव."

"पाचाचा देईल थो अर्धा गिलास घेईल. अर्धा गिलास कोन घेते?" ती थांबली. मग तिचा चेहरा उजळला, उत्तर सापडल्यावर लेकराचा उजळतो तसा. "तूच त घेतेस वो बाई! रोज! 'हे खात नाईत, एकटीले किती लागते' म्हनतेस आन पाचाचा हातावर ठेवतेस. तुयाशिवाय म्या अर्धा कोनालेच देत नाई."

कोणी हसलं नाही. ते सगळ्यात वाईट.

आता तुमच्याशी खोटं बोलत नाही. तिघांपैकी दोन मला खरंच माहीत नव्हते. पण एक? एक मला हातात घेतल्याबरोबर हलका वाटला होता. ओट्यावर टाकून पाहिला तर ठण्‌ वाजला नव्हता, नुसता खट्‌ वाजला होता. आणि तेव्हा मी काय केलं? मनात म्हटलं, जाऊ दे, भागरथाला कुठे दिसतं, तिच्याकडे खपून जाईल. एवढंच म्हटलं. पाच रुपयांचंच तर काम, म्हटलं.

तर त्या अफवेचं असं झालं. बाजारात खोटे शिक्के आले होते, हे खरं. पोतंभर नव्हते, तीन होते. भट्टी वगैरे काही नव्हती. पण सौंदडातून निघाले हे मात्र अगदी खरं, फक्त सौंदड म्हणजे मी.

ते तीन शिक्के सुनीताने भावाकडे द्यायला ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ठेल्याची चाकं वाजली. "शिंगाडेऽऽ!" भागरथा चालत आली होती, डोकं मोकळं, हात दांडीवर. मी पाचाचा शिक्का घेऊन गेले. नवा कोरा होता, आधी चुंबक लावून पाहिलेला.

तिने पूर्ण गिलास भरला.

"अर्धाच दे वो."

"अर्धा बंद केला म्या," ती म्हणाली. शिंगाडे माझ्या पदरात ओतले आणि मी पुढे केलेला शिक्का दोन बोटांनी हळूच माझ्याकडे सारला. रागाने नाही हो, अगदी मायेने. "आन हे पाह्य बाई, वाईट नोको मानजो. बाकी कोनाचाबी शिक्का घेतो म्या, तुयाजवळून मात्र नोटच घेईन."

घरात डबाभर चिल्लर, एकूणएक खरी, सगळी तिचीच! आणि मी दहाच्या एका नोटेसाठी आमच्या ह्यांच्या शर्टाचे खिसे तपासत उभी.